लष्करी वैद्यकातील प्रमादांची नोंद : काही वृत्तांतांचे परीक्षण

१

प्रस्तुत निबंधाचा विषय लष्करी वैद्यकाचा इतिहास हा नव्हे. वैद्यकात घडलेले प्रमाद लष्कराच्या कागदपत्रांत कोणत्या स्वरूपात नोंदले जातात, ती नोंद कोण करतो, कोणासाठी करतो, आणि तिच्यामुळे पुढच्या रुग्णाचे काही हित होते की नाही, एवढाच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे. हा प्रश्न वरवर पाहता वैद्यांचा किंवा सेनापतींचा वाटेल. परंतु नोंद ही अखेर लेखनाचीच एक जात असते. तिचे घाट ठरलेले असतात, तिची शब्दकळा ठरलेली असते, आणि तिच्यात काय सांगावयाचे नाही हेही पुष्कळदा ठरलेलेच असते. म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाने ह्या विषयात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

परीक्षणासाठी आम्ही चार वृत्तांत निवडले आहेत : १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचे वृत्त, हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्यविषयक स्थितीची चौकशी करणाऱ्या राजआयोगाचा १८६३ चा अहवाल, मेसोपोटेमिया आयोगाचा १९१७ चा अहवाल, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ मधील एक निर्णय. ही निवड स्वैर नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांचा लष्कराशी फार जुना संबंध आहे. शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडचे घोडनदी, ही कंपनी सरकारच्या फौजेची छावणी होती. १८०९ मध्ये तेथे मरण पावलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला तिथले लोक सत्पुरुषाचे स्थान मानून नैवेद्य दाखवीत, ही गोष्ट जिल्ह्याच्या गॅझेटियरकारांनीही नमूद केली आहे. दौंडचे महत्त्व लोहमार्गाचे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही दोन लष्करी ठाणी रेल्वेने जोडली गेली. गाडीरस्त्याने मध्ये शिरूर लागते, लोहमार्गाने दौंड. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आज दौंड येथेच आहेत. लष्करी पेशाची घरे ह्या भागात गावोगाव असल्यामुळे लष्करी रुग्णालय हा येथे ऐकीव विषय नाही.

२

१८१७ च्या ३१ डिसेंबरला रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. पायदळ, घोडेस्वार आणि मद्रासच्या तोफखान्यातील थोडे गोलंदाज मिळून ती सुमारे आठशे लोकांची होती. पायदळात महार शिपायांचे प्रमाण मोठे होते. दुसऱ्या दिवशी भीमेकाठच्या कोरेगावात तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली आणि दिवसभर झुंज चालली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून तुकडीची हानी पावणेतीनशे होती. तिच्याबरोबर विंगेट आणि वायली हे दोन साहाय्यक शल्यवैद्य होते. जखमींना गावातील एका धर्मशाळेत ठेवले होते; अरबांनी ती धर्मशाळा काबीज केली तेव्हा विंगेट तेथेच मारला गेला आणि त्याच्याबरोबर काही जखमीही कापले गेले. वायली वाचला. ३ जानेवारीस तुकडी जखमींना घेऊन शिरूरला परतली.

ह्या लढाईची हकीकत ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे आणि पुढील बहुतेक लेखकांनी तीच घोळली आहे. तिच्यात शल्यवैद्यांना स्थान आहे. पण ते कशासाठी? इतर अधिकारी पडल्यावर वैद्यांनीही शिपायांचे नेतृत्व करून संगिनींचे हल्ले चढविले, ह्यासाठी. ह्या पराक्रमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, वैद्याच्या कामगिरीचे माप येथे वैद्यकाचे नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. जखमींना ज्या इमारतीत ठेवले ती शत्रूच्या आवाक्यात कशी राहिली? नदी शेजारी असूनही जखमींना दिवसभर पाण्यावाचून तडफडावे लागले, ते केवळ शत्रूने वाट अडविल्यामुळे की आरंभी पाणी भरून ठेवण्याचे कोणास सुचले नाही म्हणून? शिरूरला पोहोचलेल्या जखमींपैकी पुढे किती जगले? हे प्रश्न ह्या लेखनप्रकाराच्या कक्षेतच येत नाहीत.

येथे १८१८ च्या वैद्यावर आजच्या कसोट्या लादण्याचा आमचा हेतू नाही. ईथरची भूल १८४६ मध्ये आली, लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ मध्ये. त्यापूर्वीच्या शल्यवैद्याच्या हाती कौशल्य आणि वेग ह्यांपलीकडे फारसे काही नव्हते. परंतु पाणी, निवारा आणि जागेची निवड ह्यांना शास्त्राची वाट पाहावी लागत नाही. मुद्दा दोष कोणाचा हा नसून, रणवृत्त नावाच्या लेखनप्रकारात दोष नोंदण्याची जागाच नसते, हा आहे. रणवृत्त विजयाचे अथवा निष्ठेचे प्रमाणपत्र असते. स्मारकस्तंभाचेही तेच. त्यावर नावे कोरली जातात, कारणे कोरली जात नाहीत. ज्याने प्राण दिले त्याचे नाव कोरणे हे कर्तव्यच आहे. परंतु तो कशामुळे गेला आणि वाचला असता की काय, हा प्रश्न कोरीव अक्षरांनी मिटतो असे मात्र नाही.

३

दुसरा वृत्तांत अगदी निराळ्या वळणाचा आहे. १८५९ मध्ये नेमलेल्या राजआयोगाने हिंदुस्थानातील लष्करी ठाण्यांकडे छापील प्रश्नावली पाठविल्या आणि आलेली उत्तरे १८६३ च्या अहवालाबरोबर प्रसिद्ध केली. ह्या उत्तरांच्या विश्लेषणात फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा वाटा मोठा होता. ती हिंदुस्थानात कधीच आली नाही. परंतु अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठविलेली वाक्ये एकापुढे एक मांडून तिने ज्या रीतीने त्यांच्याच तोंडून दोष वदवून घेतला, ती रीत टीकाशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावी अशी आहे. पाणी चांगले आहे असे एका रकान्यात लिहिणारा अधिकारी दुसऱ्या रकान्यात विहिरीशेजारच्या घाणीचे वर्णन करतो. दोन्ही रकाने जवळ आणले की निराळी टीका करावी लागत नाही.

ह्या अहवालाचे खरे बळ एका आकड्यात आहे : हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांत दरवर्षी हजारी ६९ मृत्यू. आकडा मोठा म्हणून तो महत्त्वाचा नव्हे. त्याच्या पोटी छेद आहे म्हणून महत्त्वाचा. शंभर माणसे मेली ह्या वाक्यावरून काहीच ठरत नाही. किती माणसांपैकी मेली आणि तशाच वयाची माणसे अन्यत्र किती मरतात, हे कळल्यावरच मृत्यूला अर्थ येतो. रणवृत्तात मृत्यू हा पराक्रमाचा पुरावा होता. तक्त्यात तो प्रथमच व्यवस्थेविरुद्धचा पुरावा झाला. शिवाय तक्त्याने दोष व्यक्तीकडून काढून बराकी, गटारे, पाणी आणि दारू ह्यांच्याकडे नेला. आजकाल जी गोष्ट नवीन म्हणून सांगितली जाते, म्हणजे प्रमाद माणसाचा दिसला तरी तो व्यवस्थेत रुजलेला असतो, तिचे मूळ येथे सापडते.

परंतु ह्या तक्त्याच्या दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. हजारी ६९ हा आकडा गोऱ्या सैनिकांचा आहे. देशी शिपाई संख्येने अधिक असूनही अहवालाच्या चिंतेच्या केंद्रस्थानी नाही. ज्याला मोजले जात नाही त्याच्या बाबतीत प्रमाद घडतच नाही, असा ह्या लेखनाचा नकळत निघणारा निष्कर्ष होय. दुसरी उणीव अशी की, तक्ता मृत्यू मोजतो, प्रमाद मोजत नाही. चुकीच्या औषधाने मरता मरता वाचलेला रुग्ण तक्त्यात बरा झालेल्यांच्या रकान्यात जातो. वस्तुतः शिकण्याजोगे सर्वांत अधिक त्याच्याच बाबतीत असते.

४

तिसरा वृत्तांत आपल्या भागाला अधिक जवळचा आहे. १९१४ च्या अखेरीस बसऱ्याकडे जी सहावी डिव्हिजन गेली तिचे नावच पुणे डिव्हिजन असे होते. तिच्या तीन ब्रिगेडी पुणे, अहमदनगर आणि बेळगाव ह्या ठाण्यांच्या. १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफोनच्या लढाईत तिचे सुमारे साडेतीन हजार लोक जखमी झाले. वैद्यकीय सिद्धता ह्याच्या अल्पांशालाही पुरणारी नव्हती. जखमींना स्प्रिंगा नसलेल्या मालाच्या गाड्यांतून नदीपर्यंत खडखडत नेण्यात आले. तेथून बोटींवर दाटीवाटीने घालून ते टायग्रिस नदीतून जवळजवळ दोन आठवड्यांनी बसऱ्यास पोहोचले.

त्या वेळी रुग्णनौकेवर काम करणारा मेजर कार्टर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा वैद्य बसऱ्यात होता. मेजिदिए नावाची बोट धक्क्याकडे येताना तिच्या अंगावरून दोर लोंबत आहेत असे त्याला दूरून वाटले. जवळ आल्यावर कळले की ती जखमींची वाळलेली विष्ठा होती. हातपाय मोडलेले लोक मलमूत्रात पडून होते आणि कित्येकांच्या जखमांवरील पट्ट्या अनेक दिवस बदललेल्या नव्हत्या. ह्याच सुमारास बसऱ्याहून वरिष्ठांकडे गेलेल्या तारेचा आशय मात्र असा होता की, पुष्कळ अडचणी असूनही वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली आहे. कार्टरने पाहिलेले लिहून वर कळविले, तेव्हा सर्जन-जनरल हॅथवे आणि जनरल कूपर ह्यांनी त्याला अटकेची धमकी दिली आणि उठाठेवखोर व छांदिष्ट ठरविले. हे सर्व आयोगासमोरील साक्षीत नोंदलेले आहे, आणि आयोगाने कार्टरचा पक्ष खरा धरला.

ह्या प्रसंगाचे परीक्षण करताना दोन लेखांची तुलना उपयोगी पडते : एक तार आणि एक तक्रार. तार वरिष्ठाला हवी असलेली गोष्ट सांगते. ती सर्वस्वी खोटी असतेच असे नाही. अडचणींचा उल्लेख तिच्यातही आहे. परंतु तिच्यातली विशेषणे तिला निकामी करतात. उत्तम ह्या शब्दाने किती गाड्या हव्या होत्या आणि किती मिळाल्या हे झाकून जाते. तक्रारीत विशेषण कमी आहे आणि डोळ्यांनी पाहिलेले अधिक आहे. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तक्रार करणारा गुन्हेगार ठरला. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण व्यापारात शहाणपणाची असेल. रुग्णालयात तिची किंमत रुग्ण मोजतो.

१९१६ मध्ये हिंदुस्थान सरकारने व्हिन्सेंट आणि बिंगली ह्यांची समिती नेमली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन ह्यांच्या अध्यक्षतेखाली मोठा आयोग नेमला. त्याचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला आणि जुलैमध्ये भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन ह्यांनी राजीनामा दिला. ह्या अहवालाला चांगला म्हणावयाचे की अपुरा? आमच्या मते दोन्ही. एवढ्या मोठ्या पदांवरील माणसांचे दोष नाव घेऊन युद्ध चालू असतानाच छापणे, हे धैर्य लहान नव्हे; आणि पुढे नदीवरील वैद्यकीय वाहतूक सुधारली हेही खरे. परंतु अहवालाची रचना अशी आहे की, वाचणाऱ्याचे लक्ष जबाबदारीच्या वाटणीवर खिळते. कोण किती दोषी हे ठरले की वाचक तृप्त होतो. त्यामुळे ज्या प्रमादाला एक दिवस, एक बोट आणि एक अधिकारी दाखविता येत नाही, तो मागे पडतो. १९१६ च्या उत्तरार्धात देशी सैन्यातील सुमारे अकरा हजार लोक स्कर्व्हीने पडले. ताजी भाजी आणि फळे नसलेला शिधा हे त्याचे कारण. ही आपत्ती मेजिदिएच्या आपत्तीहून लहान नव्हती. पण ती हळूहळू आली, आणि हळूहळू येणाऱ्या चुकीला साक्षीदार मिळत नाही.

आणखी एक अभाव जाणवतो. अहवालाच्या कथनात बोलतात ते अधिकारी. ज्याला मालाच्या गाडीतून खडखडत नेले त्या शिपायाचा स्वतःचा शब्द जवळजवळ ऐकू येत नाही. त्याच काळात इंग्लंडातील रुग्णालयांत असलेल्या हिंदी जखमींची पत्रे मात्र सरकार मोठ्या काळजीने वाचीत होते. पण ती सैन्याच्या मनःस्थितीचा अंदाज घेण्यासाठी, उपचारांतील उणिवा कळाव्यात म्हणून नव्हे. ब्रायटन येथील किचनर रुग्णालयाचा प्रमुख कर्नल सीटन ह्याने १९१५ मध्ये एक हजार जखमांचे पद्धतशीर विश्लेषण केले. त्याचा उद्देश काय होता? हिंदी शिपाई स्वतःला मुद्दाम जखमी करून घेतात की काय, हे तपासणे. व्यापक संशयाला आधार मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला आणि तो त्याने प्रामाणिकपणे नोंदविला. परंतु मोजण्याची एवढी कुशलता वैद्याच्या चुकीकडे न वळता रुग्णाच्या संभाव्य अपराधाकडे वळली, ही गोष्ट विसरता येत नाही. त्याच रुग्णालयात बाहेर जाण्यायेण्यावर कडक बंधने होती. त्यांविरुद्धच्या रोषातून गोडबोले ह्या आडनावाच्या साहाय्यक वैद्याने १९१५ च्या नोव्हेंबरात सीटनवर पिस्तूल झाडले. नेम चुकला आणि त्याला शिक्षा झाली. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण गाऱ्हाणे नोंदविण्याची वाट जेथे नसते तेथे ते कोणत्या थराला जाते, एवढे ह्या उदाहरणावरून दिसते.

५

चौथा वृत्तांत आपल्या काळातील आहे. २००२ मध्ये, पश्चिम सीमेवर फौजा उभ्या असताना, एक वायुसैनिक आजारी पडून जम्मू भागातील सांबा येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाला. तेथे त्याला रक्ताची एक पिशवी देण्यात आली. २०१४ मध्ये त्याला एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले. त्यानंतरच्या वैद्यकीय मंडळांनी त्या बाधेचा संबंध २००२ च्या रक्ताशी जोडला. परंतु त्याने कागद मागितले तेव्हा ते त्याला मिळेनात, आणि २०१६ मध्ये तो सेवेतून बाहेर पडला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याचा दावा फेटाळला. अखेर २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुदल व भूदल ह्यांना जबाबदार धरून १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपयांची भरपाई देवविली.

ह्या निर्णयाची भाषा संयत आहे आणि त्यातील करुणा वाक्यांच्या रचनेतून येते, विशेषणांतून नव्हे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत बोलका भाग म्हणजे नसलेल्या कागदांची चर्चा. रक्त घेतले कोणाचे, तपासले कोणी, रुग्णाला धोका समजावून संमती घेतली काय, ह्या प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणारी नोंद पुढे आली नाही; म्हणून वस्तुस्थितीच दोष बोलून दाखवते, ह्या तत्त्वाचा न्यायालयाला आधार घ्यावा लागला. कागदाचे मौन हाच येथे पुरावा झाला.

तथापि, न्यायनिर्णय हे प्रमादांचे नोंदपुस्तक होऊ शकत नाही. तो एकवीस वर्षांनी आला. तो एका माणसाला मिळाला, तोही त्याने चिकाटीने झुंज दिली म्हणून. आणि न्यायालयाला जो प्रश्न विचारावा लागतो तो भरपाई कोणी द्यावी हा. उद्या त्याच पलंगावर येणाऱ्या रुग्णाला देण्याचे रक्त कसे तपासले जाईल, हा प्रश्न मुळात रुग्णालयाने स्वतःला विचारावयाचा असतो. रक्तसंक्रमणातील अनिष्ट घटनांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाला. २००२ मध्ये तशी व्यवस्था नव्हती, ही गोष्ट त्या रुग्णालयाच्या बाजूने मांडता येईल. परंतु ती गोष्ट नोंदीची आवश्यकताच सिद्ध करते.

६

ह्या विषयावरील आधुनिक वाङ्मयाचा आरंभ साधारणतः अमेरिकेतील वैद्यकसंस्थेच्या १९९९ च्या अहवालापासून धरतात. रुग्णालयांतील प्रमादांमुळे त्या देशात दरवर्षी ४४,००० ते ९८,००० लोक मरतात, असा अंदाज त्यात होता. हे दोन आकडे दोन निरनिराळ्या पाहण्यांवरून साऱ्या देशाला लावलेले होते. पण प्रचारात त्यांतील मोठा आकडाच राहिला आणि अंदाज हा शब्द गळाला. असे असले तरी जेम्स रीझन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९९० पासून मांडलेला विचार ह्या अहवालामुळे रुग्णालयांपर्यंत पोहोचला. प्रमाद घडतो तो एका हाताने, पण त्याला वाट मिळते ती एकामागोमाग एक ढिल्या राहिलेल्या अनेक बंधनांतून, हा त्या विचाराचा गाभा होय.

लष्करी वैद्यकात ह्या विचाराचे सर्वांत फलदायी रूप अमेरिकन सैन्याच्या मृत्यूंच्या परीक्षणात दिसते. २००१ ते २०११ ह्या काळात इराक व अफगाणिस्तानात युद्धातील जखमांनी झालेले ४,५९६ मृत्यू एकेक करून तपासण्यात आले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला गेला : हा माणूस वाचू शकला असता काय? रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी जे मेले त्यांच्यापैकी सुमारे चौथा हिस्सा वाचण्याजोगा होता आणि त्यांतील दहापैकी नऊ केवळ रक्तस्रावाने गेले, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त थांबविण्यासाठी आवळावयाचा साधा पट्टा प्रत्येक सैनिकाजवळ असावा, ह्या आग्रहामागे अशाच नोंदींचे बळ होते. कोरेगावच्या धर्मशाळेबद्दल जो प्रश्न कोणी विचारला नाही तो येथे ४,५९६ वेळा विचारला गेला. आमच्या मते ह्या साऱ्या वाङ्मयातील हीच खरी प्रगती.

परंतु ह्या वाङ्मयाची एक प्रतिज्ञा आम्हास तपासून घ्यावीशी वाटते. प्रमाद कळविणाऱ्यास दोष देऊ नये, म्हणजे लोक निर्भयपणे कळवतील, असे ते सांगते. नागरी रुग्णालयात हे अवघड आहे. लष्करी रुग्णालयात त्याहून अवघड. तेथे ज्याच्याकडे प्रमाद कळवावयाचा तोच कळविणाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहितो. परिचारिका, वैद्य आणि रुग्ण ह्या तिघांच्याही खांद्यांवर हुद्दा असतो, आणि कित्येकदा रुग्णाचा हुद्दा वैद्याहून मोठा असतो. कार्टरला धमकी देणारे अधिकारी स्वभावाने दुष्ट होते असे मानण्याची गरज नाही. आज्ञापालनावर उभ्या असलेल्या संस्थेत बातमी वर जाताना गोड होत जाते, एवढेच त्याचे कारण पुरेसे आहे. म्हणून केवळ उपदेशाने भागणार नाही. नोंदीची वाट बढतीच्या वाटेपासून वेगळी काढावी लागेल.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. युद्धात गुप्तता लागते. किती जखमी झाले आणि रुग्णालय कोठे उणे पडले हे शत्रूस कळणे घातक असते. शिवाय आपला वैद्य चुकतो असे शिपायाच्या मनाने घेतले तर त्याचे धैर्य खचेल. पहिल्या भागास उत्तर असे की, गुप्तता ही प्रसिद्धीला अडसर आहे, नोंदीला नाही. नोंद आज करून ती ठराविक मुदतीनंतर खुली करता येते. दुसऱ्या भागास इतिहासच उत्तर देतो. शिपायाचे धैर्य खचते ते चूक कबूल केल्याने नव्हे. मेजिदिएवर काय घडले हे प्रत्येक पलटणीला ठाऊक असताना वर सर्व उत्तम आहे अशी तार गेल्याने खचते.

७

शेवटी शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे, कारण नोंद अखेर कोणत्या तरी भाषेत करावी लागते. मराठीत चूक, नजरचूक, हयगय, निष्काळजीपणा, दोष आणि अपराध असे चढत्या गांभीर्याचे शब्द आहेत. त्यांपैकी हयगय हा शब्द कायद्याच्या व सरकारी व्यवहारात रुळलेला असून त्यात शिक्षेची छाया आहे. नजरचूक हा शब्द फार हलका पडतो. जो प्रमाद व्यवस्थेचा आहे, ज्यात शिक्षा करण्याजोगा कोणी एक नाही पण सुधारण्याजोगे पुष्कळ आहे, त्याला नेमका शब्द आपल्या व्यवहारात रुजलेला नाही. म्हणूनच आम्ही येथे प्रमाद हा जुना शब्द वापरला आहे. रुग्णांकडे मात्र ह्या सर्वांहून निराळी परिभाषा असते. डॉक्टरांचा हातगुण नव्हता, आयुष्याची दोरी तेवढीच होती, अशा वाक्यांनी आपल्या खेड्यांतील माणूस आपले दुःख आवरतो. ह्या वाक्यांत समजूतदारपणा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण हातगुण ह्या शब्दाने चुकीचा तपास संपतो हेही तितकेच खरे. नोंद घेणाऱ्याने हे वाक्य ऐकल्यावर लेखणी खाली न ठेवता पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

वरील चार वृत्तांतांच्या परीक्षणावरून प्रमादाच्या उपयुक्त नोंदीची काही लक्षणे सांगता येतील. ती घटनेच्या जवळच्या माणसाने, घटनेच्या जवळच्या वेळी केलेली असावी. हा गुण कार्टरच्या कथनात आहे, रणवृत्तात नाही. तिच्यात छेद असावा, म्हणजे किती जणांपैकी किती हे कळावे. हा गुण १८६३ च्या तक्त्यात आहे, पण त्याचा छेद सर्व सैनिकांना सामावून घेणारा नव्हता. मृत्यूइतकेच टळलेल्या मृत्यूलाही तिच्यात स्थान असावे. तिला उत्तर मिळावे, म्हणजे काय बदलले हे त्याच पुस्तकात लिहिले जावे. हा गुण न्यायनिर्णयात असू शकत नाही. आणि रुग्णाचे म्हणणे त्याच्या भाषेत आणि त्याच्या शब्दांत तिच्यात यावे. हा गुण चारांपैकी एकाही वृत्तांतात पुरेसा नाही.

ह्यांतील शेवटच्या लक्षणाबाबत विद्यापीठीय संशोधकास काही करता येण्यासारखे आहे. रुग्णालयांची दप्तरे आपल्या हाती नाहीत. परंतु शिरूर आणि दौंड तालुक्यांतील निवृत्त सैनिकांच्या घरी रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळालेले कागद असतात, वैद्यकीय मंडळांचे निष्कर्ष असतात, आणि ह्या कागदांत नसलेल्या आठवणी असतात. त्या आठवणी संबंधितांच्या संमतीने, रुग्णालय व व्यक्ती ह्यांची नावे वगळून, जशाच्या तशा मराठीत उतरवून घेणे हे भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र ह्या तिन्ही विभागांना मिळून करता येईल असे काम आहे. त्यांचा उपयोग कोणावर आरोप ठेवण्यासाठी करावयाचा नाही. बरे झालेल्या, न झालेल्या आणि थोडक्यात वाचलेल्या माणसांना आपल्यावरील उपचारांत काय दिसले, एवढे त्यांतून कळावे. कोरेगावहून ३ जानेवारी १८१८ रोजी शिरूरच्या छावणीत परतलेल्या जखमींना हे कोणी विचारल्याचे रणवृत्तात दिसत नाही. त्यांच्यानंतर दोनशे वर्षांनी त्याच वाटेवरील गावांत राहणाऱ्यांना तरी ते विचारले जावे.